शहाण्णवावं कडं

१

कडं चोरीला गेलं होतं. सोन्याचं नव्हे हो, पिठाचं! चिकट तांदळाच्या पिठाचं, कच्चं, आठ मण्यांचं. आणि तेही एकदा नाही, सलग चार दिवस, रोज एक.

हसू आलं ना? अक्षरकाकूंनाही आधी हसूच आलं होतं. सकाळी साडेनऊला त्या नेहमीप्रमाणे कोपऱ्यावरच्या जपानी धर्तीच्या मोची डोनटच्या दुकानात शिरल्या, तर काउंटरपाशी दुकानाची मालकीण, जिला सगळे ताई म्हणतात, कमरेवर हात ठेवून उभी होती. तिच्यापुढे तळणीचे मामा मान खाली घालून ॲप्रनची गाठ सोडत होते. बारा वर्षं या दुकानाची कढई सांभाळलेला माणूस! ते बघून काकूंचं हसू कुठल्या कुठे पळालं.

"काय झालं गं?"

"तुम्ही घरच्यासारख्या, म्हणून सांगते," ताई म्हणाली. "रोज सकाळी मी शहाण्णव कडी वळते. आठ ट्रे, एकेका ट्रेत बारा. तासभर विसावायला मागच्या गार कोपऱ्यात ठेवते. तळायला येतात तेव्हा पंचाण्णव!"

"एका डोनटसाठी एवढा तमाशा?"

"तळलेलं कुणीही कितीही खावं. इथे काम करणाऱ्यांचा मी कधी हात धरलाय? पण कच्चं कोण उचलेल, काकू? ज्याला खायचंय तो नाही उचलणार. ज्याला पिठात काय काय आहे ते बघायचंय, तोच उचलणार."

बोलणं बिनतोड होतं. समोरच्या नव्या कॅफेच्या काचेवर आठवड्यापासून पाटी झळकत होती : 'लवकरच, आठ मण्यांचे डोनट.' आणि त्या कॅफेचा मालक मागच्या बोळात मामांशी दोनदा बोलत होता, हे ताईच्या वहिनीने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"मामा, तुम्ही काहीच बोलत नाही?" काकूंनी विचारलं.

"माझ्यावर आळ आलाय. आळ आलेल्या माणसाने काय बोलावं?" मामा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"ताई, मला चार वाजेपर्यंत वेळ दे. तोवर मामा कढईपाशीच राहतील."

ताईने ओठ आवळले. "चार म्हणजे चार. पण एक सांगते, आईच्या कानावर यातलं काही जाता कामा नये. मामांना ती धाकट्या भावासारखं मानते. हे ऐकलं तर तिला दुसरा झटका यायचा."

२

अक्षरकाकू कोण, हे सांगायला हवं. कोर्टात खोट्या सह्यांचे खटले चालत, तेव्हा कागद ज्यांच्याकडे तपासायला जात त्या ह्या. तीस वर्षं दुसऱ्यांची अक्षरं बघण्यात गेली. वेलांटी कुठे सुरू झाली, पेन कुठे अडखळलं, लिहिणाऱ्याने श्वास कुठे घेतला, हे त्या भिंगातून बघून सांगत. निवृत्त झाल्या, तरी भिंग पर्समधून काही निवृत्त झालं नव्हतं.

आणि या दुकानात त्या रोज येत, त्या केवळ जिभेच्या चोचल्यांसाठी नव्हे. त्यांना इथली कारागिरी बघायची असे. नवं गिऱ्हाईक 'मोची म्हणजे, इथे चपला शिवून मिळतात का?' असं विचारून स्वतःच हसतं, आणि पहिला घास घेतल्यावर गप्प होतं. बाहेरून कुरकुरीत, आत रबरासारखं लवचीक, आणि चावता चावता विरघळणारं. पिठाचे आठ सारखे मणी बटर पेपरच्या चौकोनी तुकड्यावर गोलात मांडायचे, एकेक मणी शेजारच्याला टेकवून किंचित दाबायचा. झालं कडं. मग कागदासकट तेलात. दहा मोजेपर्यंत कागद आपोआप सुटतो आणि मामा तो चिमट्याने अलगद काढून घेतात. त्या दहा अंकांत काकू दरवेळी श्वास रोखून धरत.

त्या मागच्या स्वयंपाकघरात गेल्या. मधोमध वळणीचं टेबल, डावीकडे वहिनीचा साखरेच्या ग्लेझचा ओटा, उजवीकडे मामांची कढई. पार आत, खिडकीखालच्या गार कोपऱ्यात ट्रेचा रॅक, आणि त्याला अगदी खेटून खुर्चीत मोठ्या बाई.

मोठ्या बाई म्हणजे ताईची आई. हे दुकान त्यांच्या हातांनी उभं राहिलं. आठ महिन्यांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. वर खोलीत त्यांचा जीव रमेना, म्हणून ताई रोज पहाटे त्यांना इथे आणून बसवी. खुर्चीच्या हातांवर एक आडवी फळी, फळीवर पाण्याचा स्टीलचा पेला. खिडकीत एक कुंडी.

"बऱ्या आहात ना बाई?" काकूंनी वाकून विचारलं.

मोठ्या बाईंनी फक्त पापण्या मिटून उघडल्या.

काकूंनी आधी वहिनीला गाठलं आणि बाईंना ऐकू जाणार नाही अशा हलक्या आवाजात विचारपूस सुरू केली. वहिनी म्हणजे ताईच्या भावाची बायको, हात चालतो त्याच्या दुप्पट तोंड चालतं. "मला विचाराल तर हे मोचीचं लफडंच नको," ग्लेझ ढवळत ती म्हणाली. "साधे डोनट करा आणि सुखाने जगा. हे पीठ म्हणजे हट्टी सासू. जरा पाणी जास्त झालं की बसली रुसून!"

"म्हणजे दुकानाचं वाटोळं झालं तर तुला बरंच?"

"अहो काकू, माझी मुलं या दुकानावर वाढतायत. संशय असेल तर सरळ म्हणा, आडून विचारू नका."

काकूंना तिचा राग नाही आला. पायाशी मुंग्यांची रांग चालली होती म्हणून त्यांनी पाय उचलला आणि त्या मामांकडे वळल्या.

"कॅफेवाल्याशी काय बोललात?"

मामांनी चिमटा खाली ठेवला. "नोकरी देत होता. मोठं स्वयंपाकघर, गार हवा, हाताखाली दोन माणसं. मी नाही म्हटलं."

"मग हे ताईला सांगा ना!"

"काय सांगू? 'बघा, मी किती इमानी,' म्हणून पाठ थोपटून घेऊ? तेल कसं ओळखायचं ते मोठ्या बाईंनी मला शिकवलं. काडी बुडवायची आणि बुडबुडे ऐकायचे. ऐकायचे, काकू! तोवर मला तेल दिसायचं, त्यांनी ऐकायला शिकवलं. त्यांचं पीठ मी विकेन?"

काकूंना हे सगळं खरं वाटलं. पण खरं वाटणं आणि खरं असणं यांत फरक असतो, हे तीस वर्षांत त्या शिकल्या होत्या.

तेवढ्यात वहिनी झाडू घेऊन आली आणि तिने काकूंच्या हातात काहीतरी कोंबलं. "हे आत्ता रॅकच्या मागे मिळालं. भिंतीच्या फटीत सरकवलेलं. मोजा."

बटर पेपरचे चार तुकडे होते.

३

काकूंनी चारही कागद वळणीच्या टेबलावर मांडले आणि भिंग काढलं. तांदळाचं पीठ कागदावर वाळलं की पांढुरका डाग ठेवतं. मणी शेजारच्याला टेकवून दाबला की त्या डागाला एक बारीक शेपटी फुटते. जसा हात वळेल, तशी शेपटी वळते. अक्षरासारखंच की हे! जन्मभर शाई वाचली, आता पीठ वाचायचं होतं.

"ताई, थोडं पीठ मळ. प्रत्येकाने मला एकेक कडं वळून द्यायचं. कोर्टात याला नमुना अक्षर म्हणतात."

ताईने नाक मुरडलं, पण पीठ मळलं. तिने बोलता बोलता कडं वळलं, बघायचीही गरज पडली नाही. वहिनीचं जरा गबाळं झालं. मामांची पाळी आली तेव्हा त्यांचे मणी एक बोराएवढा, एक लिंबाएवढा असे झाले. "मी तळणारा माणूस," ते ओशाळून म्हणाले.

काकूंनी तिघांचे मणी हलकेच उचलून बाजूला केले आणि कागद उजेडात धरले. ताईच्या कागदावर शेपट्या घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळल्या होत्या. वहिनीच्याही तशाच. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या तशाच वळणार.

मामांच्या शेपट्या उलट्या होत्या. आणि रॅकमागच्या चारही कागदांवर त्या तशाच उलट्या होत्या.

"मामा, तुम्ही डावखुरे?"

"जन्मापासून," मामा म्हणाले, आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ताई दबक्या आवाजात हसली, पण रडल्यासारखी. "झालं ना समाधान? घड्याळ बघा काकू. तीन वाजलेत."

४

काकू खुर्ची ओढून बसल्या. हरल्या म्हणून नव्हे. काहीतरी खटकत होतं.

त्यांनी पहिला कागद पुन्हा भिंगाखाली घेतला. त्यावर एकच कडं नव्हतं. एकावर एक, एकावर एक, निदान वीस वेळा तेच मणी मांडले होते, मोडले होते, पुन्हा मांडले होते. आता तुम्हीच सांगा, ज्याला पीठ पळवायचंय तो ते खिशात घालेल की बसून वीस वेळा वळेल? हा चोर चोरी करत नव्हता. हा गिरवत होता.

दुसरा कागद. तिसरा. चौथा. पहिल्यावर गोल म्हणजे नुसता वेडावाकडा माळेचा तुकडा. दुसऱ्यावर तो बंद झाला होता. तिसऱ्यावर गोलाई आली होती. चौथ्यावर सातव्या मण्यापर्यंत जवळजवळ अचूक.

आणि मग काकूंना ते दिसलं. मण्यांची जागा थरथरत होती, पण मणी? सगळे सारखे! अगदी पहिल्या कागदावरही आठही डाग एका मापाचे, ताईच्या मण्यांपेक्षाही सारखे. मामांचे बोर आणि लिंबू त्यांनी शेजारी धरून पाहिले. छे! हे मामांचं काम नव्हतं. माप पुरतं अंगात मुरलेलं, पण हात पोराचा. असं अक्षर त्यांनी पूर्वी पाहिलं होतं. उजवा हात मोडलेला माणूस डाव्याने सही करतो, तेव्हा अक्षराचं वळण शाबूत असतं आणि रेघ मात्र कापते.

त्यांनी भिंग कागदाच्या कोपऱ्यांवरून फिरवलं. वळणारा माणूस एका हाताने वळतो आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने कागदाचा कोपरा दाबून धरतो, नाहीतर चिकट पिठाबरोबर कागदच उचलला जातो. ताईच्या कागदावर अंगठा होता. वहिनीच्या होता. मामांच्याही होता, तेलकट, ठसठशीत. या चार कागदांवर अंगठा कुठेच नव्हता. त्याऐवजी प्रत्येकाच्या कोपऱ्यावर एक पाणेरी चंद्रकोर उमटली होती. गोल बुडाची, ओली, जड वस्तू ठेवल्याची.

ज्याला कागद धरायला दुसरा हातच नाही, तो काय करेल?

"वहिनी," काकू हळूच म्हणाल्या, "तुझ्या ओट्यावर एवढी साखर. मग मुंग्या तुझ्याकडे का नाही येत गं? कुठे चालल्यात त्या?"

वहिनीने खाली बघितलं. रांग ओट्याला वळसा घालून, भिंतीच्या कडेने, खिडकीतल्या कुंडीत चढत होती. वहिनी तिथे गेली, बोटाने माती उकरली आणि तिचं सदा चालणारं तोंड बंद पडलं. मातीत पिठाचे वाळके गोळे पुरलेले होते.

आणि कुंडीपासून हातभर अंतरावर, डाव्या बाजूला रॅक, पुढ्यात फळी आणि फळीवर पेला घेऊन, मोठ्या बाई सगळ्यांकडे टक लावून बघत होत्या.

५

"शक्य नाही," ताई म्हणाली. "आईचा हात चालत नाही."

"उजवा चालत नाही. डाव्याचं कुणी विचारलं होतं?"

घास भरवायला ताई होती. पाणी पाजायला वहिनी. केस विंचरायला, अंगावर शाल घालायला कुणी ना कुणी. आठ महिने सगळ्यांनी इतक्या मायेने केलं होतं, की त्या बाईला हात उचलायचं कारणच उरलं नव्हतं.

"तुम्ही तिघं पाठ फिरवून कामाला लागता," काकू म्हणाल्या. "तू बाहेर काउंटर लावतेस, वहिनी ग्लेझ करते, मामा तेलाकडे बघतात. यांच्या फळीच्या उंचीला बरोबर तिसरा ट्रे येतो. विचार ना मामांना, कमी कुठल्या ट्रेत असतं?"

"तिसऱ्यात," मामा पुटपुटले. "रोज तिसऱ्यातच."

"पण मग सांगायचं ना!" ताई ओरडली. "एवढी मोठी आनंदाची गोष्ट! लपवायची कशाला? आई, का?"

मोठ्या बाईंनी तोंड फिरवलं. त्यांच्या ऐवजी मामाच बोलले. "ताई, या दुकानात वाकडं कडं कधी काउंटरवर गेलंय? बाईंनी माझ्यासमोर सबंध ट्रे मोडलेत, एक मणी बाहेर गेला म्हणून. त्या वाकडं कुणाला दाखवणार?"

काकू मोठ्या बाईंजवळ गेल्या आणि फळीपाशी वाकल्या. ताईने डोळ्यांनी नको नको केलं, तरी त्या बोलल्या. "बाई, तुम्हाला कुणी सांगितलं नाही. ही कडी मामांनी चोरली, असं सगळ्यांना वाटलं. आज चार वाजता मामांना कामावरून काढणार होते. मी कितीही कागद दाखवले तरी ते माझं बोलणं झालं. तुम्ही दाखवलंत तर प्रश्नच मिटला. पण दाखवायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मोठ्या बाईंनी मामांकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात शालीतून बाहेर आला.

ताईने उरलेलं पीठ आणि एक कोरा कागद फळीवर ठेवला. मोठ्या बाईंनी पेला उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. ताई मदतीला पुढे झाली, तर काकूंनी तिचं मनगट घट्ट धरलं.

पहिला मणी. तळहातावर पीठ तोडलं ते बरोबर तेवढंच, ना कमी ना जास्त. दुसरा. तिसरा. हात हवेत कापायचा आणि कागदाला टेकता टेकता स्थिर व्हायचा. चौथ्याला घाम फुटला. पाचवा निसटला, तो पुन्हा उचलला. काकूंनी कोर्टात मोठमोठ्या लोकांच्या सह्या पाहिल्या होत्या, पण लिहिताना असं कुणाला पाहिलं नव्हतं. मेलेल्या अर्ध्या अंगाशेजारी बसून उरलेलं अर्धं अंग शून्यातून मुळाक्षरं गिरवत होतं! काकूंना वाटलं, आपली इथे उभं राहायचीही लायकी नाही. सहावा जरासा बाहेर बसला. सातवा. आठवा.

कडं पुरं झालं. सहावा मणी मात्र बाहेरच होता.

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांचा तळवा कड्याच्या वर आला, बोटं आवळली. आता त्या ते मोडणार, हे सगळ्यांना कळलं. वहिनीने डोळे मिटले. हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, पेला बाजूला केला, आणि ते वाकडं कडं कागदासकट मामांच्या दिशेने सरकवलं.

"त... तळा," त्या म्हणाल्या.

ताई हुंदका देऊन आईच्या गळ्यात पडायला धावली. मोठ्या बाईंनी त्याच हाताने तिला बाजूला लोटलं आणि कढईकडे बोट दाखवलं. आधी तिकडे जा, मग माझ्याकडे.

मामांनी जाळ मोठा केला होता. काडी बुडवून, मान वाकडी करून ते ऐकत होते. ताई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

"मामा, मी... मी काय बोलू?"

"हे मी विसरणार नाही, ताई," मामा वळून न बघता म्हणाले. "खोटं कशाला सांगू? बारा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. तुम्ही मला एकदा विचारायला हवं होतं."

"नका विसरू. पण जाऊ नका."

मामांनी कडं तेलात सोडलं. काकू मनातल्या मनात दहापर्यंत मोजत होत्या. कागद सुटला, मामांनी तो चिमट्याने उचलून निथळवला. बाहेर बसलेला सहावा मणीही इतरांसारखाच फुगत होता.

"उद्या सगळं तेल बदलायचंय," मामा म्हणाले. "दोन नवे डबे आजच मागवून ठेवा." आणि त्यांनी कडं अलगद उलटलं.